पिशवी काढलेली बाई

आमच्या गल्लीत दोन बायका पायरीवर टेकल्या की चहा संपायच्या आत बोलणं पिशवीवर येतं. कुणाची काढली, कुणाची राहिलीय, कुणाला डॉक्टरनं काढायला सांगितलंय आणि ती पोरीचं लग्न उरकायची वाट बघतेय. गर्भाशय हा शब्द आमच्यात कुणी तोंडातून काढत नाही. तो दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलेला असतो, तिथंच बरा. आम्ही पिशवी म्हणतो. नवी भाडेकरीण आली की तिला आधी विचारतात, तुमच्या आधीच्या घरी नळ कितव्या दिवशी सुटायचा, आणि मग विचारतात, पिशवी काढली का. दोन्ही प्रश्न सारख्याच आवाजात.

माझी नाही काढली. माझ्या वेळी मला कुणी दवाखान्यात नेलंच नाही म्हणून ती राहिली, आणि वय झालं तशी आपली आपण गप्प झाली. काढली ती माझ्या धाकट्या जावेची. तिचंच सांगायला बसलेय. तिला घरात सगळे धाकटी म्हणायचे, तेच इथंही म्हणते.

आमचं घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. पाहुणे विचारतात, तुम्हाला झोप कशी लागते. आम्हाला उलट माग बंद पडले की जाग येते. मूळचे आम्ही शेतातले, दक्षिणेकडच्या गावातले, जिथं निम्मी भांडणं कानडीत होतात. माझे मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, दोघं टॉवेलच्या कारखान्यात लागले आणि आम्ही दोघी जावा त्यांच्या मागनं शहरात आलो. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावजी अजून मागावर जातात. आम्ही दोघी घरी बसून टॉवेलला टिपा मारायचो. कारखान्यातनं सलग विणलेले टॉवेल गठ्ठ्यानं येतात. ते कापायचे, दोन्ही कडा दुमडून शिवायच्या, लोंबणारे दोरे छाटायचे, घड्या लावायच्या. धाकटी मशीनवर आणि मी कात्री घेऊन खाली. तिचं तोंड आणि तिचं मशीन, दोन्ही एकदमच चालायचं आणि एकदमच थांबायचं. लोक मला बडबडी म्हणतात, त्यांनी धाकटीला ऐकलं नव्हतं.

तिची पिशवी काढली तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. अंगावरून फार जायचं. कंबर धरून उठायची, कंबर धरून बसायची, तोंड पांढरंफटक. आमच्या गावाकडच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल, मुलं झालीत ना, मग काढून टाका. मुलं झाली होती. एक लेक, एक मुलगा, दोघं शाळेत जाणारी. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरातल्या कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. विचारायचं तरी काय, आम्हाला काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, काम झालं की भांडं उचलून ठेवतात, तसं समजायचं.

आमच्याकडं बऱ्याच दवाखान्यांत एक पद्धत आहे. पिशवी काढली की ती बाहेर आणून घरच्या माणसाला दाखवतात, स्टीलच्या ताटलीत घालून. काढतो म्हणाले आणि काढलीच नाही, असा संशय कुणाला नको म्हणून असेल. भावजींना आत बोलावलं. हा माणूस कोंबडी कापताना तोंड फिरवणारा. पण नवरा म्हणून त्यांनाच जावं लागलं. बाहेर आले ते भिंतीला टेकूनच बसले. मी पाणी दिलं, मग चहा दिला. कप खाली ठेवून म्हणाले, "वैनी, वांग्याएवढी होती बघा."

पुढं कितीतरी वर्षं ते ही गोष्ट सांगायचे. आधी हळू आवाजात, मग चारचौघांत, मग लढाईवरनं आल्यासारखी. कारखान्यात कुणाच्या बायकोला डॉक्टरनं सांगितलं की तो माणूस भावजींकडं यायचा आणि भावजी त्याला धीर द्यायचे, काही नसतंय रे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. वांग्याचं हळूहळू भोपळ्याकडं चाललं होतं. धाकटी आतनं ओरडायची, अवो, जरा कमी करा, तेवडी मोटी असती तर मी चालले कशी असते. सगळे हसायचे.

खरं सांगते, तिचं सुख बघून मला तिचा हेवा वाटायचा. महिन्याची कटकट गेली. देवाला जायचं तर दिवस मोजायला नकोत. गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीला, कुणाकडं नैवेद्याचा मोठा स्वयंपाक असला की आधी तिला बोलावणं यायचं. ही बाई कधीही चालते. ती पण मिरवत जायची. मला पाळी जाताना अंगातनं आगीचे लोळ निघायचे, ऐन थंडीत मी पदरानं वारा घेत बसायचे. तिला तसलं काही झालं नाही. मला चिडवायची, "अक्का, तुमी उगंच भट्टीत बसल्यात. माज्यासारकं काडून टाकायचं की. सुटका."

आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. पिशवी गेली म्हणजे बाईपणाचा आजार गेला. जिथं दुखणं राहतं ती खोलीच पाडली, आता दुखणं राहणार कुठं. असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं नाही, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती अर्धी भाकरी ठेवायला लागली. हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही, पण धाकटीला ज्यांनी जेवताना बघितलंय त्यांना विचारा. कडक भाकरी मोडून, शेंगाचटणीवर दही घालून ती अशी जेवायची की बघणाऱ्याला भूक लागावी. ती म्हणायला लागली, दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत आल्यासारखं होतंय. उन्हाचं असेल म्हणालो. मग पोट सुटायला लागलं. दंड बारीक होत चालले, गळ्याची हाडं दिसायला लागली आणि पोट मात्र पुढं. परकराची नाडी ती आधी कंबरेवर बांधायची, मग खाली बांधायला लागली, मग पोटाच्याही खाली. संध्याकाळी नाडीचा वळ उठलेला असायचा, तिथं ती खोबरेल तेल लावायची.

आमच्या शेजारी एक तेलुगू म्हातारी आहे, विड्या वळून वळून बोटं काळी पडलेली. तिची जीभ तिखट. एक दिवस तिनं धाकटीला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "काय गं, या वयात? नवऱ्याला जरा दम धर म्हणून सांग."

सगळी पायरी हसली. धाकटी पण हसली, सगळ्यात मोठ्यानं. म्हणाली, "पिशवीच न्हाय मावशी, ठेवू कुटं?"

मी पण हसले होते. इतकं हसलो की मांडीवरचे टॉवेल खाली पडले.

ओवा झाला, हिंग बेंबीला लावून झाला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या गॅसच्या गोळ्या झाल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं गुलाबी औषध दिलं, ते तिनं बाटल्यांमागं बाटल्या घेतलं. मशीनपुढं बसली की पोट टेबलाला लागायचं, म्हणून स्टूल मागं सरकवायची. मग हात पुरायचे नाहीत. मग पुढं वाकायची तर दम लागायचा. टीप वाकडी जायला लागली. तिची टीप वाकडी जाते हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मी म्हणाले, आपण बायकांच्या डॉक्टरकडं जाऊन येऊ. ती माझ्याकडं बघतच राहिली. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यासारखं.

"बायकांच्या डॉक्टरकडं कशाला अक्का? त्यांचं माज्याकडं उरलंय काय?"

भावजीही तेच म्हणाले. ते तर काढलंय, मी बघितलंय. पोटाच्याच डॉक्टरला दाखवू. पोटाच्या डॉक्टरनं विचारलं, कधी ऑपरेशन झालंय का. भावजींनी ताटलीची गोष्ट सांगितली. त्यानं पोटावर टिचकी मारून बघितली, सोनोग्राफी करून या म्हणाला. कारखान्यात तेव्हा ऑर्डर होती, भावजींना सुट्टी नव्हती, धाकटी म्हणाली, गॅसला फोटो कशाला, आणि ते राहून गेलं. धाकटीचा मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कंपनीत रात्रपाळी करायचा, तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा.

त्यात एक आणखी झालं. आमच्या भागात बायकांच्या तपासणीचं शिबिर लागलं. सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरोघर सांगत आल्या. मी धाकटीला ओढतच नेलं. रांगेत उभ्या राहिलो. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं चांगल्या शब्दांत विचारलं, पिशवी काढलीय का मावशी? धाकटी म्हणाली व्हय. मुलगी म्हणाली, मग तुम्हाला ही तपासणी लागत नाही, ज्यांची पिशवी आहे त्यांनीच थांबा. त्या मुलीची काही चूक नव्हती. ती पिशवीच्या तोंडाच्या तपासणीबद्दल बोलत होती आणि ते तोंडही हिचं काढलेलं होतं. पण धाकटीनं त्यातनं आपलं ऐकून घेतलं. परत येताना पदर खोचून म्हणाली, "बघा, सरकार पण म्हनतंय मला काय व्हनार न्हाय."

 मागं रांग तशीच होती, ऊन होतं, आणि मला वाटलं, असेलही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिची लेक माहेरी आली. अक्कलकोटच्या पलीकडं दिलीय ती, तिकडचं बोलणं कानडी. चार-पाच महिन्यांनी येत होती. आम्ही धाकटीला रोज बघत होतो म्हणून आमच्या डोळ्यांना ते रोज थोडं थोडं दिसत होतं. तिनं एकदम बघितलं. दारातच पिशव्या खाली ठेवल्या, आईच्या पोटावर हात ठेवला आणि एकदम काढून घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मोठी आई, तुम्ही सगळे काय करत होता?"

 आम्ही गॅसचं औषध देत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं कुणाचं ऐकलं नाही. सणाचा स्वयंपाक तसाच ठेवून आम्ही चौघं रिक्षानं सोनोग्राफीला गेलो. आतली डॉक्टरीण तरुण होती, धाकटीच्या लेकीच्या वयाची. मला धाकटीजवळ उभं राहू दिलं. भावजी दारात. तिनं पोटावर थंड जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि फिरवताना तिचा हात एका जागी थांबला. मग दुसऱ्या जागी थांबला. मग तिनं विचारलं, पिशवी काढताना अंडाशयं ठेवली होती का?

भावजी दारातनंच म्हणाले, "सगळं काडलंय मॅडम. मी माज्या डोळ्यांनी बघितलंय."

तिनं यंत्र परत एकदा दोन्ही बाजूला फिरवून बघितलं. मग यंत्रावरनं नजर न काढता म्हणाली, "काका, पिशवी नाहीये. अंडाशयं आहेत, दोन्ही. तुम्ही आता यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. आजच जा."

मोठ्या दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं. नळी लावून, पिवळसर पाणी. भांडं भरलं, दुसरं लावलं. धाकटी बघत होती आणि म्हणाली, एवडं पानी आपल्या नळाला पन येत न्हाय. नर्स हसली आणि मग हसू तोंडावर तसंच राहिलं तिच्या.

तिथले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी घाई केली नाही. हाताची मूठ धरून म्हणाले, ही पिशवी समजा. आणि दोन्ही बाजूला बोटाची दोन पेरं ठेवली, ही अंडाशयं, बदामाएवढी. तरुण बाईची पिशवी काढली तरी ही बहुतेक वेळा ठेवतात. ठेवणं बरोबरच असतं, हाडांना, हृदयाला त्यांचा उपयोग असतो. म्हणून तर यांना तेव्हा अंगाची आग झाली नसेल. पण ठेवली आहेत हे बाईला सांगायला पाहिजे, आणि पोट फुगायला लागलं तर तिनं यायला पाहिजे. तपासण्या सांगतात, कॅन्सर अंडाशयाचा आहे, पोटात पसरलाय. आधी औषध, मग ऑपरेशन.

धाकटीनं एवढं सगळं ऐकून घेतलं. तिला मध्ये बोलायची सवय, पण ती मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "सायब, तवा कॅन्सर व्हऊ नये म्हनून पिशवी काडली. मग ती कशाला काडली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि औषधाच्या तारखा लिहून दिल्या.  

बाहेर आलो. भावजी बाकावर बसले. हात मांडीवर उताणे. मला म्हणाले, "वैनी, मग त्यांनी मला काय दाखवलं?"

मी म्हणाले, काढलं ते दाखवलं भावजी. जे आत ठेवलं ते कसं दाखवतील.

त्या दिवसापासून ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

औषधं सुरू झाली. सलाईनमधनं द्यायची ती. त्या दिवशी ती आपल्या पायानं जायची आणि येताना आम्ही दोघं धरून आणायचो. तोंडाला चव नाही, जिभेला फोड, पायांच्या तळव्यांना मुंग्या. केस गेले. उशीवर पुंजके बघून ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी तिनं न्हाव्याला घरी बोलावून उरलेले काढून टाकले. डॉक्टरांनी लेकीलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. लेकीनं सासरी कुणाला न सांगता तपासून घेतलं. ती बरी आहे, वर्षातनं एकदा दाखवून येते. तेवढं एक त्या दिवसांतलं चांगलं.

ऑपरेशनच्या आधी मी आणि ती नवी पेठेत गेलो होतो. पुढनं बटणं असलेले सुती गाऊन पाहिजे होते, दवाखान्यात बरे पडतात. रिक्षावाल्यानं गर्दीमुळं आत नेलं नाही, म्हणून ती माझ्या खांद्याला धरून चालत आली. दुकानदारानं भराभर गाऊन टाकले आणि म्हणाला, हे घ्या मावशी, बाळाला पाजायला सोपे. लेकीची डिलिव्हरी का?

"व्हय," धाकटी म्हणाली. "दोन द्या. गडद रंगाचे."

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, खोटं बोलले म्हणून काय झालं. तो बिचारा चांगल्या मनानं विचारत होता, त्याच्या दुकानात कशाला रडगाणं. मग बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली, हिरव्या बांगड्या बघितल्या, मनगटातनं निसटतील म्हणून घेतल्या नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत न्यायला आले. गाऊन घातलेली, डोक्याला रुमाल. भावजी स्ट्रेचरच्या दांडीला धरून बरोबर चालत होते. दाराशी ती थांबवा म्हणाली आणि त्यांना जवळ बोलावलं.

"अवो, ऐका. या बारीला ताटली बघून परत येऊ नका. काय काडलं ते विचारू नका. आत काय राहिलं ते विचारा."

भावजींनी मान हलवली. दार बंद झालं. आम्ही बसून राहिलो. दुपार गेली, ऊन भिंतीवर चढलं. डॉक्टर बाहेर आले तसे भावजी उठून उभे राहिले. या माणसानं जन्मात कधी डॉक्टरला उलटून विचारलेलं नव्हतं. आज विचारलं, सायब, आत काय राहिलंय? डॉक्टर म्हणाले, जेवढं दिसलं तेवढं काढलं. भावजींनी परत विचारलं, आत काय राहिलंय? मग डॉक्टरांनी खरं सांगितलं. आतड्यावर रव्याएवढे कण आहेत, ते काढले तर आतडंच जाईल. ते राहिलेत. पुढच्या औषधानं जातात का बघू.

रव्याएवढे. भावजी ते शब्द घरी येईपर्यंत पुटपुटत होते.

ती शुद्धीवर आली आणि पहिलं तेच विचारलं. भावजींनी लपवलं नाही. ती म्हणाली, बरं झालं विचारलंत. आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर भावजी विचारणारा माणूस झाले. ही गोळी कशाची, ती जेवणाआधी का नंतर, हे सलाईन लाल का. नर्सा वैतागायच्या. मला मात्र त्यांचा राग कधी आला नाही.

काही महिने बरे गेले. डोक्यावर केसांची लव आली, आधीपेक्षा काळी. मशीनपुढं स्टूल परत जवळ आलं. तेलुगू मावशी येऊन बसायची, काही टोमणा मारायची नाही, आणि धाकटीला त्याचाच राग यायचा. मला म्हणाली, "ती बया मला शिव्या देत न्हाय अक्का. म्हंजे मी जानार, असं तिला ठावं हाय."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नाडी परत खाली सरकली. त्या वेळी कुणी गॅसची गोळी आणली नाही. पाणी परत झालं होतं, कण वाढले होते. डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध आहे, देऊ शकतो, पण ते रोग धरून ठेवील असं सांगता येत नाही, त्रास मात्र होईल. विचार करून सांगा. लेक म्हणाली घ्यायचं. मुलगा म्हणाला घ्यायचं. भावजी बायकोकडं वळले.

ती म्हणाली, आता नको. पानी तेवडं काडत जावा, श्वास घ्यायला. बाकी मला घरी ऱ्हाऊ द्या.

ती घरी राहिली. जोवर बसता येत होतं तोवर भिंतीला टेकून टॉवेलचे दोरे छाटायची. मशीन मी चालवायला घेतलं, माझी टीप कशीही जाते, ती तिथनंच ओरडायची, अक्का, ते टॉवेल हाय, गावचा नकाशा न्हाय. मग ओरडायचंही थांबलं. दवाखान्यातल्या बाईनं दुखणं कमी करायचं औषध कसं द्यायचं ते भावजींना दाखवून दिलं होतं, ते घड्याळ बघून द्यायचे. शेवटी ती झोपेतच असायची जास्त. कधी कानडीत बोलायची, तिच्या आईशी. माघ लागला होता, सकाळी गारठा असायचा. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर भावजी तिचा हात धरून बसले होते आणि हात सोडत नव्हते.

आमच्यात नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, कुंकू लावून ओटी भरतात. बायका जमल्या. ओटी भरायला मी पुढं झाले नाही. तो मान माझ्या मालकांबरोबर गेला. पण पाणी घालायला मला कुणी अडवलं नाही, अडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. लेकीनं आईला मागनं धरलं होतं. आदल्याच दिवशी पाणी काढलेलं, त्यामुळं पोट खाली बसलं होतं. त्यावर दोन वण होते. एक आडवा, जुना, फिकट. एक उभा, बेंबीला वळसा घालून गेलेला, अजून तांबूस. गल्लीतल्या बहुतेक सगळ्या बायका तिथं होत्या. आडवा वण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पोटावर आहे.  एकीनं आपला पदर पोटावर घट्ट ओढून घेतला.

मागनं कुणीतरी म्हातारी म्हणाली, भाग्याची गं, कपाळाचं कुंकू घेऊन चालली. असं म्हणायची रीत आहे, तिनं म्हटलं. तेलुगू मावशीनं तिला हातानंच गप्प केलं.

मी तांब्या भरला. दार लोटलेलं होतं. दाराच्या पलीकडनं भावजींचा आवाज आला.

"वैनी, पानी कोमट हाय न्हवं? लई गार असलं की पोटावर सोसत न्हाय तिला."

मी हात घालून बघितला. गार वाटलं. लेकीला थांब म्हणाले, चुलीवरचं कढत पाणी मागवून त्यात ओतलं, परत हात घालून बघितला.

"हाय भावजी," मी म्हणाले, "कोमट हाय," आणि घालायला लागले.